बिनकव्हरच्या रेकॉर्डी

दर रविवारी दुपारी साडेतीनला संघपाल गजभिये रेकॉर्ड प्लेअरवरचं फडकं काढतो. आधी सुई पुसतो, मग पंखा बंद करतो, कारण पंख्याच्या घरघरीत ढोलाचा खालचा ठेका बुडून जातो. नागपूरच्या मे महिन्यातही बंदच करतो. इंदोरा वस्तीतल्या त्या गल्लीला हे सवयीचं झालं आहे. "काकांचं इंग्लिश सुरू झालं," म्हणत शेजारचे आपापल्या कामाला लागतात. आत कोण गातंय, हे विचारायला कोणी येत नाही.

संघपालचा जन्म सत्तावन्न सालचा. आदल्याच वर्षी आईवडिलांनी दीक्षा घेतलेली, म्हणून पोराला नाव दिलं ते असं. शिकला वायरमनकी आणि लागला अजनीच्या रेल्वे शेडमध्ये. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा शनिवारी संध्याकाळी नाच व्हायचे. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या बायका, सगळे नटूनथटून यायचे. संघपालचं काम अ‍ॅम्प्लिफायरमागे उभं राहायचं, वायर तापली तर बघायची. नाचणाऱ्यांपेक्षा त्याचे कान त्या गाण्यांकडे असायचे. इंग्रजी त्याला चार शब्दांपलीकडे कळत नव्हतं. पण रेकॉर्डवरची बाई गाता गाता मध्येच आवाज सोडून द्यायची आणि मागची पोरं तो झेलायची, तेव्हा तो वायरीकडे बघायचं विसरायचा.

शहाऐंशी साली लॉरेन्स नावाचे ड्रायव्हर कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला निघाले. जाताना त्यांनी संघपालला क्वार्टरवर बोलावलं आणि कोठीतला एक खोका दाखवला. चाळीस रेकॉर्डी. कव्हरं वाळवीनं खाल्लेली, नुसत्या काळ्या तबकड्या आणि मधल्या गोल कागदावर नावं.

"ले जाओ," लॉरेन्स म्हणाले. "तू सुनता है, मैंने देखा है."

त्या रेकॉर्डी कसल्या, हे त्याला सांगितलं सुमंत रामटेकेनं. सुमंत जरीपटक्याकडच्या एका शाळेत मराठी शिकवायचा, विहाराच्या वाचनालयात दोघांची ओळख झाली होती. दलित पँथरच्या दिवसांपासून तो अमेरिकेतल्या काळ्यांचं मिळेल ते वाचत आला होता, त्यांच्या कवितांचे अनुवाद करायचा. पहिल्या रविवारी त्यानं जोआन पिकेट नावाच्या बाईची रेकॉर्ड ऐकली आणि खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"अबे, हे सोल होय! चर्चमधल्या प्रार्थनेतून निघालं न् नाचात घुसलं. गुलामांच्या नातवंडांचं गाणं आहे हे. तुले मालूम तरी आहे काय, तुह्या घरात काय येऊन पडलं ते?"

"मले एवढंच मालूम आहे का पाय थांबत नाई," संघपाल म्हणाला.

"मंग थांबवतं काहून?"

आणि सुमंत नाचायला लागला. धोतराला सरावलेल्या बापाचा पोरगा, टेरिकॉटची पँट, हातात चष्मा. संघपाल लाजत उठला. त्याची बायको भावना स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसत राहिली. मग तिनंच पुढे येऊन रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढला, लोकांनी बघू नये म्हणून.

तिथून रविवार लागला तो लागलाच. जवळजवळ सव्वीस वर्षं. साडेतीनला सुमंत यायचा, चहा व्हायचा, चार-पाच रेकॉर्डी व्हायच्या, एखाद्या गाण्यावर दोघं घाम येईस्तोवर नाचायचे. दोन हजार सहा साली भावना तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेली. त्यानंतरचा एक रविवार तेवढा सुना गेला. पुढच्या रविवारी सुमंत आला, त्यानं स्वतः चहा टाकला आणि पडदाही त्यानंच ओढला. मुलगी सोनिका बंगळुरूला नोकरीला लागली, तेव्हा संघपालकडे आठवड्यातला बोलायचा असा एक रविवारच उरला. बाकीचे सहा दिवस तो त्या दिवसाकडे तोंड करून काढायचा.

दोन हजार बाराच्या जानेवारीत सोनिका सुट्टीवर आली होती. बापाची आवड म्हणून ती लॅपटॉप घेऊन बसली आणि एकेका रेकॉर्डवरचं नाव शोधत गेली. कव्हरं नसल्यामुळे यांतल्या एकाचाही चेहरा घरात कोणी पाहिलेला नव्हता. संघपाल नवलानं बघत होता. झुलपांचे, चकाकत्या कोटांचे काळे गायक एकेक करून समोर येत होते.

"बाबा," सोनिका मध्येच थांबली. "ही तुमची जोआन पिकेट गोरी आहे."

"दुसरी कोणी असन."

"तीच आहे. रेकॉर्डचा नंबर बघा ना."

पडद्यावर पिवळ्या केसांची, अंगानं बारीक, दात थोडे पुढे आलेली एक बाई हसत होती. संघपालनं चष्मा पुसला. चाळीसांतल्या अकरा रेकॉर्डी गोऱ्यांच्या निघाल्या. त्या अकरांतल्या नऊ अशा, की ज्या वाजवून वाजवून त्यानं पांढुरक्या केल्या होत्या.

त्याला राग नाही आला. त्यानं पंखा बंद केला आणि जोआन पिकेट लावली. सुरुवातीला ढोलाचे चार ठोके, मग खंजिरी, मग ती दुसऱ्या ओळीला श्वास घ्यायला उशीर करते ते. सगळं होतं तसंच होतं. ही बाई कुठल्या तरी काळ्या वस्तीत जाऊन ऐकून शिकली असेल, असं त्याच्या मनात आलं. तिच्या घरच्यांनी नावं ठेवली असतील. इन्स्टिट्यूटमध्ये वायरी धरून तोही असाच परक्याच्या गाण्याशी उभा होता.

हे सुमंतला सांगायला हवं होतं. पण जोआन पिकेटवर सुमंतनं एका मासिकात लेख लिहिला होता. 'साखळी तुटल्याचा आवाज' असं तिच्या गळ्याला म्हटलं होतं. लेखाची खूप वाहवा झाली होती. हे कळलं तर तो काय करेल? चिडेल, आणि मग येणार नाही. संघपालनं ठरवलं, पुढच्या रविवारी सांगू. तो रविवार आला, सुमंत आला, नाचला, गेला. मग त्याच्या पुढच्या रविवारी. असे बारा रविवार गेले.

एप्रिलमध्ये जयंतीच्या व्याख्यानमालेत सुमंतचं भाषण होतं. विषय होता काळ्यांचं संगीत आणि आपण. संघपाल तिसऱ्या रांगेत बसला होता. सुमंत रंगात आला. जोआन पिकेटचं नाव घेऊन त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "या बाईच्या गळ्यात तिच्या आजीच्या पाठीवरचे वळ आहेत!" टाळ्या पडल्या. मग मागच्या बाजूनं विद्यापीठातली एक मुलगी उठली. मोबाइल हातात धरून तिनं अदबीनंच म्हटलं, "सर, ही गायिका गोरी आहे. फोटो आहे इथे."

आधी कुजबुज झाली, मग कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. सुमंतनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. त्याची नजर तिसऱ्या रांगेवर आली. संघपालनं मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेतून सुमंतला सगळं कळलं.

बाहेर चपला घालताना सुमंतनं त्याला गाठलं. "तुले मालूम होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

सुमंत वळून चालायला लागला. पुढच्या रविवारी साडेतीन वाजले, चार वाजले, पाच वाजले. संघपालनं दोन कप चहा केला होता, दोन्ही त्यानंच प्यायले. तो सुमंतच्या घरी गेला, तर बहिणीनं दारातूनच सांगितलं, "दादा झोपला आहे." पुढच्या खेपेलाही दादा झोपलेलाच होता. तिसऱ्यांदा संघपाल गेला नाही. दोन घरांत चालत वीस मिनिटांचं अंतर, पण त्यात बारा वर्षं गेली.

या बारा वर्षांत त्यानं एक वही केली. पानाच्या डोक्यावर लिहिलं, 'गोऱ्या लोकांची सोल, नाचाची, मला आवडणारी'. खाली अकरा नावं. कोणाला दाखवायची नव्हती, पण बोलायला माणूस नाही म्हटल्यावर हात लिहीत राहिला. 'टेरी मॅलोन. याचा बूट ऐकू येतो. जमिनीवर ठेका धरतो आणि शेवटी विसरतो.' 'हार्लो बंधू. पिपाणी थोडी बेसूर आहे. बेसूर आहे म्हणूनच पाय उठतात.' जोआन पिकेटच्या नावापुढे पुष्कळ दिवस काही सुचलं नाही. मग एकदा त्यानं लिहिलं, 'हिचा काही दोष नाही.'

नाचणं मात्र बंद झालं होतं. एकट्यानं एकदा करून पाहिलं. दोन पावलं टाकली आणि भिंतीवरच्या आरशात एक म्हातारा हात हलवताना दिसला. तो खाली बसला.

यंदा फेब्रुवारीत जरीपटक्याच्या बाजारात त्याला यमुताई दिसली. सुमंतची हीच ती बहीण. नवरा गेल्यावर खाप्याच्या सासरहून भावाकडे राहायला आलेली, आता पाठीत वाकली होती. तिनंच हाक मारली.

"भाऊ, दादा जाऊन राहिला हैदराबादले. त्याचा पोरगा प्रशिक घेऊन जातो त्याले कायमचा. घर देऊन टाकलं. येत्या मंगळवारची गाडी आहे."

"अन् तुम्ही?"

"मी आपली खाप्याले. जावेच्या पोराकडं." मग भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, "या तुम्ही घरी. या खेपेले मी झोपला म्हणून नाई सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. घरभर पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले होते. मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत सुमंत बसला होता. गाल बसलेले, गुडघ्याला पट्टा. त्यानं वर पाहिलं आणि समोरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. संघपाल गठ्ठ्यावर बसला. यमुताईनं चहा आणून दिला आणि आत गेली.

"माफी मागाले आलो," संघपाल म्हणाला. "भेलो होतो मी. तुले सांगितलं तर तू येणार नाई असं वाटलं. भावना गेल्यावर दुसरं होतंच काय मले?"

सुमंतनं चहाचा कप खाली ठेवला.

"लोकं हसले त्याचा राग नव्हता गा," तो म्हणाला. "मास्तर माणूस मी, पोरं हसतच राहतात. ते गोरी निघाली त्याचाही वर्षभरानं राग गेला. चांगलं गाते, त्याले काय करता! पण बारा रविवार तू माह्यासमोर नाचला. मी काय काय बोललो तिच्याबद्दल, अन् तू हो हो करत राहिला. मले एकट्याले खोलीत सोडून तू बाहीर उभा होता. हे मले सहन नाई झालं."

आपण एकटे पडू नये म्हणून आपण त्याला एकटं पाडलं, हे बारा वर्षांत संघपालच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. डोळे भरून आले ते त्यानं पुसले नाहीत.

"रविवारी येतं काय?" शेवटी त्यानं विचारलं.

"गुडघा पाहून राहिला ना तू?"

"रिक्षा घेऊन येतो मी."

सुमंतनं गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. रविवारी रिक्षा दाराशी थांबली तेव्हा तो इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर बसलेला होता. यमुताईनं संघपालच्या हातात स्टीलचा डबा दिला. "वांग्याची भाजी हाय. दोघं जेवजा."

त्या दुपारी त्यांनी तीन रेकॉर्डी ऐकल्या. सुमंतला उजव्या कानानं कमी ऐकू येत होतं, म्हणून खुर्ची फिरवून घ्यावी लागली. जोआन पिकेट लागली तेव्हा त्यानं डोळे मिटले. गाणं संपलं. सुई नुसती खरखरत राहिली.

"ते वळ," तो म्हणाला, "ते मी ऐकले होते. कोणाचे होते कोणास ठाऊक."

मग त्यानं वही मागितली. संघपालनं वहीचं बोलता बोलता सांगून टाकलं होतं. सुमंतनं ती चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून वाचली. मास्तरच तो, खिशातला पेन काढून दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि परत दिली. दोघं जेवले. कोणी उठून नाचलं नाही. साडेपाचला रिक्षा आली.

मंगळवारी संघपाल स्टेशनवर गेला, पण गर्दीत प्रशिकच्या हातातल्या सामानाच्या पलीकडे सुमंतचा खांदाच काय तो दिसला. गाडी हलली तेव्हा त्यानं हात वर केला. सुमंतनं पाहिला की नाही, ते कळलं नाही. दोन आठवड्यांनी फोन आला. सुमंत म्हणाला, इथं सगळे हळू बोलतात, काही ऐकू येत नाही. मग गाडीचा कसलासा आवाज झाला आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही.

घरी ओट्यावर यमुताईचा डबा तसाच राहिला होता. संघपालनं तो घासून, पुसून, उन्हात वाळवून ठेवला होता. द्यायला गेला तर रामटेक्यांच्या दाराला नव्या माणसांचं कुलूप. काही दिवस तो डबा बघत राहिला. मग एका गुरुवारी सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, डबा पिशवीत टाकला आणि बसस्टँडवर जाऊन खिडकीशी विचारलं, "खाप्याची गाडी किती वाजता हाय?"