चारीच्या टोकाचं डाळिंब

ज्या कोर्सला मी नाव घातलं, त्याचं नाव आमच्या वस्तीत कुणाला धड घेता येत नव्हतं. शेती तंत्रज्ञानाची वाटचाल आणि व्यवसाय. पोस्टाने पुस्तिका यायच्या आणि रविवारी बारामतीत एका कॉलेजच्या रिकाम्या वर्गात तास व्हायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर आम्ही फक्त बँकेत पाहिला होता, तोही कापडाने झाकलेला. बी.ए. होऊन मी शेळगावात घरी बसलो होतो, आणि घरी बसलेल्या पोराला गावात जे ऐकावं लागतं ते सगळं ऐकून झालं होतं. म्हणून नाव घातलं. शेतीची ओढ वगैरे काही नव्हती.

ओढ लागली ती आबांना, माझ्या वडिलांना. ते वालचंदनगरला कारखान्यात कामाला होते. ड्यूटीवरून सायकलने आले की चहा पितानाच विचारायचे, "आज काय आलं रं पोष्टानं?" मग मोट, इंजिन, विजेची मोटर, ठिबक अशी चित्रं बोटाने पुढे सरकवत बसायचे. मला त्या पुस्तिका वाचताना झोप यायची. आबा चष्मा लावून वाचायचे आणि मलाच प्रश्न विचारून हैराण करायचे.

आमचं शेत चारीच्या अगदी टोकाला. चारी म्हणजे कालव्याचं पाणी शेतापर्यंत आणणारा मातीचा पाट. ते ज्याला त्याला पाळीने मिळतं. कागदावर पाळी आमचीही होती, पण वरच्यांची भिजवणं उरकून पाणी खाली यायचं म्हणजे कधीच यायचं नाही. मी लहान असताना आबांनी वस्तीतली माणसं गोळा केली, पाटबंधाऱ्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर बसले, एकदा वरच्या शेजाऱ्याशी भांडताना डोकं फोडून घेतलं आणि ती पाळी सुरू करून घेतली. पहिल्यांदा पाणी आमच्या बांधाला लागलं तेव्हा आई रडली होती, एवढं मला आठवतं. त्यानंतर आबांनी एकही पाळी चुकवली नाही. अंगात ताप असो की घरात लग्न, पाणी सुटलं की ते चारीवर. पाळी सोडली की पाळी गेली, असं आमच्याकडं म्हणतात, आणि ते खरंच आहे.

वर्गात माझ्या शेजारी बारामतीचे एक भाई बसत. मार्केट यार्डाजवळ त्यांचं मोटारी आणि पाइपचं दुकान होतं. वयाने माझ्याहून बरेच मोठे. "धंद्याचं आलं की उठीव मला," असं सांगून ते खुशाल डोळे मिटायचे. ठिबकच्या एजन्सीची कल्पना त्यांचीच. ठिबकचा संच त्यांनी द्यायचा, आमच्या अर्ध्या एकरात मी डाळिंब लावायचं, बाग उभी राहिली की कंपनीची माणसं बघून जातील आणि तालुक्याची एजन्सी आम्हा दोघांना मिळेल. "लोकं पुस्तक बघत न्हायत, झाड बघत्यात," भाई म्हणाले. चारीला लागूनच असलेल्या आमच्या विहिरीला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं. ठिबकला तेवढं पुष्कळ होतं. झाडं लागली, फुटली, आणि आपलंही काहीतरी होईल असं मला पहिल्यांदाच वाटलं.

एका रविवारी आबा हट्टाने माझ्याबरोबर तासाला आले. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले. सरांनी फळ्यावर पायऱ्या काढल्या. सगळ्यात खाली मोट, वर ठिबक. पाटपाणी मधल्या पायरीवर. सर म्हणाले, "पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा तर मागचा पाय उचलावाच लागतो." सरांनी ते सहज म्हटलं असेल. पुढचा अर्धा तास ते खतांबद्दल बोलत होते. आबांनी मात्र ते वाक्य बरोबर घरी आणलं.

आता हे समजायला आमचं घर माहीत असावं लागतं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव सोडले, गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. लोकांनी भीती घातली होती, काही बिघडलं नाही. उलट प्रत्येक वेळी भलंच झालं. जुनं सोडल्याशिवाय वर जाता येत नाही, हे आबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य त्यावरच उभं होतं.

पुढच्या पाळीला पाणी सुटलं तेव्हा आबा चारीवर गेले, आणि सगळ्यांदेखत पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला म्हणाले, "आमचं पाणी द्या वरच्यास्नी. आमाला आता पाटाची गरज न्हाय." वरचे शेतकरी बघतच राहिले असणार. घरी येऊन आबांनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. मी एवढंच म्हणालो, "आबा, पाळी राहू द्यायची होती."

"आरं, मागचा पाय उचलल्याबिगर कसं व्हायाचं? तुझ्या गुर्जीनंच सांगितलं की."

पाटकऱ्यानेही त्यांचा शब्द पाळला. पाणी आमच्याकडे यायचं थांबलं. दोन-तीन पाळ्या कोरड्या गेल्यावर शेजारच्या वरच्या शेतकऱ्याने त्याच्या रानातून आमच्याकडे येणारी चारी नांगरून सपाट केली आणि तिच्यावर ऊस लावला. आबा हसले. म्हणाले, "लावू दे. आपल्याला काय करायची?"

मग उन्हाळा आला आणि विहीर खाली गेली. आधी मोटर थांबून थांबून चालवली, मग मोटर ओढीना, मग तळाचा खडक दिसला. इतकी वर्षं ती विहीर चारीच्या झिरप्यावर भरत होती. पाटाचं पाणी गेलं की विहीरही जाणार, हे आबांना ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, भाईंना नव्हतं आणि कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. आई वस्तीच्या हापशावरून हंडे आणून एकेका झाडाला घालत होती. अर्ध्या एकराला हंड्याने पाणी घालून काय होतं? पानं वळली, कोवळी फळं काळी पडून गळाली. भाई येऊन बागेतून एक चक्कर मारून गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्ये कुनाला दाखवू रं आता?" एजन्सी दुसऱ्याच कुणाला मिळाली. मी परीक्षेला बसलो नाही.

तोवर मला एजन्सीचं काही वाटेनासं झालं होतं. आबांची पाळी परत मिळावी, एवढंच मागणं उरलं होतं. आबा कचेरीत गेले. साहेब म्हणाले, तुम्हीच सोडलीत, आणि आता चारीच नाही तर पाणी आणायचं कशातून? मग आबा मला घेऊन शेजाऱ्याकडे गेले. ज्याच्याशी भांडून पाळी मिळवली त्याच्याच अंगणात, हात जोडून नाही, पण जवळजवळ तसेच उभे राहिले. त्याने बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आदराने बोलला. "आबा, आता कशाला वं पाटाचं पानी? तुमी तर आमच्या पुढं गेलाय." मला त्याच्या अंगावर कप फेकावासा वाटला. आबांनी चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि उठले.

डाळिंबं आम्ही उपटून जाळली. आबा रिटायर झाले. पुन्हा अर्ज केले, पुन्हा पायऱ्यांवर बसायचं बोलणं निघालं, पण वस्तीतली पोरं आता पुण्याकडे कामाला गेली होती आणि एकटा माणूस किती बसणार. शेत पडून राहिलं.

एका पाळीला सकाळी आबा घरात दिसेनात म्हणून मी शोधायला निघालो. ते चारीवर उभे होते, जिथून पाणी पूर्वी आमच्याकडे वळायचं तिथे. पाणी वरच्या उसात शिरत होतं. पाटकऱ्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "दर पाळीला येत्यात. मी काय बोलत न्हाय."

मी आबांचा दंड धरला आणि म्हणालो, "चला घरी."

ते पाण्याकडेच बघत होते. म्हणाले, "थांब की जरा. बघायला तर कुनाची बंदी न्हाय?"