के-४ वरची जुनी काच

अमेरिकेत, आमच्या नोव्हायमध्ये, गाडी चालवणं सुटलं की माणूस संपला. दुधाच्या कॅनसाठीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. म्हणून तो रविवार आठवला की माझं डोकं आजही फिरतं.

माझा मित्र आणि मी, दोघेही गाड्यांच्या कंपन्यांतून रिटायर झालेलो. त्याच्या बेसमेंटमध्ये बसून आम्ही महायुद्धातल्या जर्मन १०९ फायटरची प्लास्टिकची मॉडेल्स बनवायचो. विमान एक, आवृत्त्या ढीगभर. सुरुवातीच्या जी-६ ला कॉकपिटवर जाड पट्ट्यांची काच, शेवटच्या के-४ ला मोकळी, शिवाय शेपटीचं चाक उंच. माझं जरा चुकलं की हा पठ्ठ्या खेकसायचा, "अरे गाढवा, असलं विमान जन्मात उडलं नाही!"

त्या रविवारी त्याने नवंकोरं के-४ पुढे ठेवलं. रंग झकास. वर मात्र जी-६ ची जाड पट्ट्यांची काच! मी हसलो. "काय राव, चष्मा कुठे विसरलात?"

तो हसला नाही. त्याने काच बोटाने चाचपून पाहिली. मग म्हणाला, "शेवटी शेवटी फॅक्टरीत हाताला लागेल ते बसवायचे." युद्धाच्या अखेरीस सुट्या भागांची सरमिसळ व्हायची, खरंय. पण के-४ वर ही काच? छे! हीच सबब मी सांगितली असती तर त्याने मला घराबाहेर काढलं असतं.

चहाला वर गेलो. तो हात धूत होता, तेवढ्यात वहिनींनी मला ओट्यापाशी गाठलं. "भावजी, परवा मंदिरातून येताना हे रस्ता चुकले. मुलगा म्हणतो, गाडीची किल्ली काढून घे. विमानात तरी चुकत नाहीत ना हे? तुम्ही नाही म्हणालात, तर मी मुलाला गप्प बसवते."

एक 'नाही' म्हणायला माझं काय जात होतं? पण आपल्या नातीला शाळेतून गाडीने तोच आणायचा.

"आज चुकला, वहिनी," मी म्हणालो. "आणि साधी चूक नाही."

तो दारातच उभा होता. त्याने खिशातून किल्ली काढून ओट्यावर आपटली. "वा रे मित्रा! मला वाटलं, तू विमान बघत होतास."

आता ग्रोसरीला मीच त्याला नेतो. शेजारची सीट रिकामी असते, तरी तो मागे जाऊन बसतो.