दरेकशाच्या काकूंचं भंगारातलं घर

रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से सांगायला बसवू नये असं माझी बायको म्हणते. त्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं, थांबायचं कुठे ते कळत नाही. तिचं खरं आहे. पण त्यात माझा दोष थोडा आणि दरेकशाचा जास्त. ज्या स्टेशनावर दिवसातून दोनदा पॅसेंजर थांबते आणि बाकी वेळ नुसतं जंगल उभं असतं, तिथे माणूस दुसरं काय जमवणार? काकूंनी भंगार जमवलं, मी किस्से जमवले.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी नवा तारबाबू म्हणून दरेकशाला उतरलो तेव्हा मिसरूड नीट फुटलेलं नव्हतं आणि लग्न व्हायचं होतं. स्टेशनवर आम्ही मोजकी माणसं. मास्तर, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, गाड्यांचे सांधे बदलणारा पॉईंटमन दुखरू आणि मी. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. मेल आणि मालगाड्या शिट्टी मारून निघून जायच्या, आणि त्या गेल्या की जी शांतता पडायची ती पहिले काही महिने मला अक्षरशः खायला उठायची.

* * *

पहिल्याच दिवशी काकूंनी चहाला बोलावलं. क्वार्टर सरकारी, दोन खोल्यांचं, पण आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकलो. समोरच्या भिंतीवर फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांचा मोर. दाराला चहाच्या पेटीतल्या चांदीकागदाचं तोरण. खाली गोणपाटाची सतरंजी, तिला जुन्या लुगड्यांच्या काठांची किनार. घासलेटच्या डब्याची फुलदाणी, आणि तिच्यात सिमेंटच्या पोत्यांच्या कागदाची फुलं.

मी म्हणालो, "काकू, फार सुंदर आहे हो."

"का का सुंदर हाये?" काकूंनी विचारलं.

झालं! त्यांचं 'का का' म्हणजे 'काय काय'. मला एकेका वस्तूचं वेगवेगळं कौतुक करावं लागलं. मोराचं केलं, तोरणाचं केलं, सतरंजीपाशी आलो तेव्हा माझे शब्द संपले आणि चहावर साय आली. काकू माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या. शेवटी मी म्हणालो की तुमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांची तर चैनच असेल.

काकूंनी माझ्या चहावरची साय चमच्यानं काढली. मग म्हणाल्या, "येतेच कोन इथी? तू पहिला. पन तू तं स्टेशनचाच हायेस, बाबू. पाव्हना म्हन्जे बाहेरून येते."

काकूंचं माहेर नागऱ्याचं, गोंदियाच्या शेजारीच. तिथे भावाची धानाची शेती. गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचावं इतकं जवळ. पण झाडीतला ताप लागतो म्हणून माहेरचं कुणी दरेकशाला येत नसे. बाईची सारी धडपड एवढ्याचसाठी होती, की एकदा तरी बाहेरचं माणूस घरात यावं, पाटावर बसावं आणि हे सगळं बघावं.

* * *

मास्तर नियमाचे पक्के. फुटका कंदीलसुद्धा वरच्या हुकमाशिवाय टाकायचे नाहीत. एकदा हुकूम आला, की मग तो थेट काकूंच्या ताब्यात जायचा. भंगाराच्या ढिगाकडे काकू अशा बघायच्या, जशा इतर बायका सराफाच्या दुकानाकडे बघतात.

एकदा मोठे साहेब ट्रॉलीवरून तपासणीला येणार म्हणून निरोप आला. मास्तरांनी ट्रंकेतला ठेवणीतला कोट काढला, तर त्याला एकही बटण नाही! काकूंनी तो जुना कोट समजून पितळी बटणं कधीच काढून घेतली होती आणि पडद्यावरच्या फुलांच्या मधोमध शिवली होती. उसवायला वेळ नव्हता. मास्तरांनी कोट पुढून दोन्ही हातांनी धरून ठेवला, पण सलामाला एक हात वर गेला आणि कोट उघडला.

साहेबांनी विचारलं, बटणं कुठे आहेत?

मास्तर जन्मात खोटं बोलले नव्हते. म्हणाले, "घरी आहेत, साहेब. पडद्यावर. बघायची असतील तर चलावं."

साहेबांना हसू आलं. रागावले नाहीत, हेच नशीब. पण त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ट्रॉलीवर बसले. इकडे काकूंनी 'चलावं' एवढंच ऐकलं होतं. त्यांनी चांगल्या कपबश्या काढल्या, सतरंजी झटकली आणि चुलीवर आधण ठेवलं. ट्रॉली वळणाआड गेली तरी त्या दारातच उभ्या होत्या. तो चहा मग दुखरूनं आणि मी प्यायलो. दोन-दोन कप.

* * *

दुखरूचं काम सांध्यांचं, पण काकूंनी त्याला दुसरी नोकरी लावली होती. मेलगाडीतले साहेबलोक आणि सोल्जर रिकामे सिगारेटचे डबे खिडकीबाहेर फेकायचे. रंगीत, गुळगुळीत, झाकणाचे. काकूंना त्यांचे दिवे करायचे होते. दुखरू एका हातात हिरवं निशाण धरायचा आणि दुसऱ्या हातानं खिडक्यांकडे बघून डबा मागायचा. मास्तर तोंड फिरवून उभे राहायचे.

एकदा सोल्जरांची गाडी जोरात निघाली होती. कुणा दिलदार गड्यानं डबा फेकला, पण भरलेला! तो सरळ दुखरूच्या कपाळावर बसला. दुखरूनं निशाण सोडलं नाही, गाडी पुरी जाऊ दिली आणि मग मटकन खाली बसला. आम्ही त्याला धरून काकूंकडे नेलं. रक्त गळत होतं. काकूंनी हळद दाबली, फडकं बांधलं, त्याच्या बायकोला निरोप धाडला. सगळं झाल्यावर डबा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"एकच?" काकू म्हणाल्या. "अरे दुखरू, दाराले दोन बाजू रायतेत ना."

आणि दुखरू दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या डोक्यानं पुन्हा रुळाकडेला उभा! मी त्याला विचारलं, कशाला जीव धोक्यात घालतोस? तर म्हणाला, काकू दिवे करत रायते तंवर रडत नाही.

* * *

आता माझंही सांगतो. तारेच्या यंत्राला बॅटरीच्या काचेच्या बरण्या असत. त्यातली एक तडकली म्हणून बाद झाली. काकूंच्या नादानं मीही ती खोलीत नेली, घासली, बाहेरून पातळ निळा कागद चिकटवला आणि आत दिवा ठेवला. खोलीभर निळा उजेड पडला. आणि तो बघायला मी एकटा.

मला राहवेना. अलीकडच्या स्टेशनावर एक तारबाबू होता. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तारेवरच्या बोटांनी आम्ही एकमेकांना ओळखत होतो. ज्याची त्याची टकटक वेगळी असते, जसा ज्याचा त्याचा खोकला वेगळा. लाईन मोकळी होती, मी त्याला बरणीबद्दल कळवलं. त्यानं विचारलं, रंग कोणता? मी निळा म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, माझ्याकडेही एक तडकलेली आहे, मी हिरवा लावला.

मग रोज संध्याकाळी ड्यूटी संपताना आम्ही एकमेकांना विचारायचो, दिवा लागला का? एवढंच. घरची माणसं लांब असलेल्याला एवढं पुरतं.

एके दिवशी मी विचारलं, दिवा लागला का? पलीकडून उलट विचारणा आली, कसला दिवा?

बोटं दुसऱ्याची होती. त्याची बदली झाली होती. मला त्याचा चेहरा आजही माहीत नाही, आणि त्याच्या बरणीचं पुढे काय झालं तेही नाही.

* * *

माझी दरेकशातली पहिली दिवाळी. भाऊबीजेला भाऊ नक्की येणार म्हणून काकूंनी घर पुन्हा सजवलं. संध्याकाळची पॅसेंजर आली. तिच्यातून एक बकरी, तिचा मालक आणि गार्डाच्या डब्यातून नव्या धानाच्या चुरमुऱ्यांचं एक गाठोडं उतरलं. गाठोडं भावानं पाठवलेलं. धानाची कापणी चालू आहे म्हणून निघता येत नाही, असा निरोप.

भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. काकू ताट घेऊन फलाटावर आल्या. पण दुजेची कोर ती केवढी, आणि दरेकशाला चारी बाजूंनी डोंगर. चंद्र काही दिसेना. मास्तर फलाटाच्या या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. शेवटी त्यांनी दुखरूला सिग्नलच्या खांबावर चढवलं.

वरून दुखरू ओरडला, "दिसून रायला, काकू. लवकर करा, डोंगराआड जाऊन रायला."

काकूंनी खांबाकडे तोंड करून ताट ओवाळलं. चंद्र दुखरूला दिसत होता आणि काकूंना दुखरू दिसत होता, एवढ्यावर आम्ही भाऊबीज भागवली.

* * *

आणि त्याच्या पुढची दिवाळी. हा किस्सा मी सगळ्यांत शेवटी ठेवतो, कारण ह्याच्यानंतर दुसरा जमत नाही.

त्या वर्षी काकूंनी आकाशकंदील केला. घासलेटच्या डब्याच्या चार बाजू कापून सांगाडा, आणि बाजूंना सिग्नलच्या बाद झालेल्या दिव्यांच्या लाल काचा. दिवाळीचे पहिले दिवस तो मागच्या अंगणात होता. भाऊबीजेच्या दुपारी काकू म्हणाल्या, तो पुढे लावा, भावाला उतरताना घर दिसलं पाहिजे. भावानं या खेपेला येण्याची शपथ घेतली होती.

काकूंचं क्वार्टर फलाट संपल्यावर, रुळाला लागून. दुखरूनं बांबू रोवला, मी दोरी ओढली, मास्तरांनी लांबून बघून सरळ करवला. लाल-हिरव्यावर पोट भरणारी तीन माणसं आम्ही! एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. आमच्या लेखी ती दिवाळी होती.

पॅसेंजर उजेडातच आली. भाऊ आला नाही. गाठोडंही आलं नाही.

 अंधार पडायला लागला तेव्हा सण आहे म्हणून काकूंनी कंदील लावला आणि ताट घेऊन दारात बसल्या. एवढ्यात गोंदियाकडून मालगाडी आली. तिला थांबायचं नव्हतं, सिग्नल पडलेला होता, म्हणजे वाट मोकळी. फलाट ओलांडता ओलांडता ड्रायव्हरला समोर लाल दिवा दिसला. त्यानं शिट्ट्या मारल्या, ब्रेक लावले, आणि इंजिन काकूंच्या दारासमोर येऊन उभं राहिलं.

मास्तरांनी फलाटावरून कंदिलाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. पुढे चढ आणि बोगदा. थांबलेली मालगाडी आता मागून दुसऱ्या इंजिनानं ढकलल्याशिवाय हलणार नाही. वरपर्यंत चौकशी जाणार, मास्तरांची नोकरी जाणार. मी ढकलायच्या इंजिनासाठी तार केली आणि आम्ही दोघे धावत क्वार्टरवर गेलो.

लाल दिवा कसला ते बघायला उतरलेला ड्रायव्हर आत पाटावर बसलेला. मनगटापर्यंत हात धुतलेले, मनगटाच्या वर कोळसाच. बिसाहू नाव, छत्तीसगडकडचा, पिकल्या मिशांचा. काकू त्याला ओवाळत होत्या. मास्तरांनी तोंड उघडलं.

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "पाव्हना हाये."

ओवाळून झालं. ताटात टाकायला बिसाहूनं खिसे चाचपले, फक्त चिंध्या निघाल्या. तो ओशाळला. काकू म्हणाल्या, राहू दे, घर तर बघ. आणि त्यांनी सुरुवात मोरापासून केली.

बिसाहूनं सगळं पाहिलं. दिव्यांचे डबे हातात घेऊन पाहिले, सतरंजीची किनार बोटानं चाचपली. पडद्यावरच्या बटणांपाशी तर हसत उभा राहिला. मग म्हणाला, "ये सब तुमन बनाय हव, दीदी?"

काकूंनी मान हलवली.

ढकलणारं इंजिन येईपर्यंत तो बसला. करंज्या खाल्ल्या, फायरमनसाठी बांधून घेतल्या. कपाळावर काळ्यावर लाल कुंकू आणि चिकटलेले तांदूळ तसेच घेऊन तो इंजिनावर चढला.

चौकशीला साहेब आले, आम्हाला रांगेत उभं केलं. बिसाहूलाही बोलावलं होतं. मास्तर खरं सांगायची तयारी करून आले होते. पण साहेबांनी पहिल्यांदा बिसाहूला विचारलं, लाल दिवा दिसला का?

"कोई लाल-वाल नहीं देखा, साहब. कोयला खराब था, स्टीम नहीं बनी."

फायरमननंही तेच सांगितलं, मग मास्तरांना कुणी विचारलंच नाही. साहेबांनी बिसाहूला नाही नाही ते सुनावलं, त्याच्या नावावर वाईट शेरा बसला. तो खाली बघून उभा राहिला. जाताना आमच्यापैकी कुणाशी बोललाही नाही.

पुढच्या दिवाळीला मास्तरांनी कंदिलाच्या लाल काचा काढून साधा कागद लावला आणि तो मागच्या अंगणात स्वतःच्या हातानं बांधला. भाऊबीजेची पॅसेंजर आली, गेली. काकू स्टेशनवर आल्याच नाहीत. त्यांनी पाट मांडला, ताट तयार केलं आणि दार उघडं ठेवलं.

अंधार पडल्यावर मालगाडी आली. सिग्नल पडलेला होता, लाईन मोकळी होती, पुढे कुठेही लाल नव्हतं. आणि बरोब्बर काकूंच्या दारासमोर तिची स्टीम संपली.