चिंचेवरून नाही, परांचीवरून

"कॅल्केनियम फ्रॅक्चर," एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे टाचेचं हाड मोडलं. माझ्या नवऱ्याच्या उजव्या टाचेचा चुरा झाला होता. शिवाय सीटी स्कॅन, म्हणजे मणक्याचे आतले फोटो काढायचे होते. उंचावरून टाचेवर पडलं की मणकाही दबतो म्हणे.

"कुठून पडले?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ठेकेदाराचा मुकादम बोलला, "चिंचेवरून, मॅडम." आमच्याकडे चिंचेवरून, मोहावरून कोणी ना कोणी पडतंच, त्यामुळे ते कुणालाही पटतं. नवऱ्यानेही मान हलवली. नवरा कसला, ठेकेदाराचा वकील!

मॅडमनी त्याच्या बोटांच्या बेचक्यात वाळलेलं सिमेंट बघितलं आणि मला विचारलं, "या चिंचेला प्लास्टर कोण करत होतं?"

मग मी सगळं सांगून टाकलं. आरमोरीतली दुमजली इमारत. बांबूच्या परांचीला कठडा नाही, खाली जाळी नाही, बांधलेला दोर कुजका. बेल्ट-हेल्मेट होते, पण कुलपात. साहेब पाहणीला आले की बाहेर, फोटो निघाला की परत आत.

मुकादम हळूच म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ बी तिथीच आहे ना कामाले?"

"म्हणूनच सांगून राह्यली," मी म्हटलं.

मणका वाचला होता. पण सूज उतरेपर्यंत ऑपरेशन नाही. वॉर्डात नुसतं बसून माझा जीव विटला. नवरा कण्हायचा आणि मधेच काम जाईल म्हणून मलाच बोलायचा. राग कुणाकुणाचा करायचा? केसपेपरवर चिंच न लिहिता परांची लिहिणाऱ्या त्या मॅडमचे उपकार मात्र विसरणार नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दमात खरी जागा सांगा. झाडाचं नाव घेतलंत तर परांची तशीच उभी राहते, पुढच्या माणसाची वाट बघत.

वर्षभराने, मिस्त्री मिळेना म्हणून त्याच ठेकेदाराने नवऱ्याला परत कामावर बोलावलं. पहिल्या दिवशी मीही सोबत गेले. लंगडत जाऊन नवऱ्याने आधी बेल्ट मागितला.

स्टोअरवाला हसला. "काऊन भाऊ, आज साहेब येऊन राह्यले का?"

"नाई," नवरा म्हणाला. "आज मी चढून राह्यलो."

कुलूप उघडलं. माझा भाऊ त्याच्यामागे येऊन उभा राहिला आणि त्यानेही हात पुढे केला.