चौकटीतले बारीक आकडे

आमच्या सोसायटीच्या जिन्यात प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा आहे. तो कोणी मारला, हा प्रश्न मी २०२१ च्या वार्षिक सभेत विचारला होता. परवानगी न घेता रंग मारणारा माणूस मला चालत नाही, मग त्यानं पट्टा कितीही सरळ मारलेला असो. सभेत कोणी बोललं नाही. माझ्या समोरच्या फ्लॅटमधला उत्तरेश्वर ढवळे शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या नखांत पिवळा रंग होता. मी तो पाहिला आणि विषय सोडून दिला. विषय सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. त्या माणसापायी मी ते शिकलो, आणि आता वाटतं, शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

मी श्रीनिवास. मूळचा मंडईमागचा. बत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला. निवृत्त झाल्यावर मुलानं शहराबाहेर मांजरीत फ्लॅट घेतला आणि हवा चांगली आहे असं सांगून मला इकडे आणलं. गॅलरीतून ऊस दिसतो, हे त्यानं आवर्जून दाखवलं होतं. त्या उसाच्या जागी आता सी विंग आहे.

उत्तरेश्वर बार्शीकडच्या एका खेड्यातला. खराडीच्या एका कंपनीत तो वेबसाइटची समोरची बाजू करायचा: अक्षरं, बटणं, रंग. बोलणं कमी, आणि स्वतःबद्दल तर अजिबात नाही. एकदा मात्र त्यानं मला लहानपणची गोष्ट सांगितली. त्याचा थोरला भाऊ संतोष भोसरीला कारखान्यात होता आणि घरी पत्रं पाठवायचा. आई मुक्ताबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवायचं काम उत्तरेश्वरकडे. एका वर्षी कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात संतोषची नोकरी गेली. उत्तरेश्वरनं सहा महिने पत्रातला तेवढाच मजकूर गाळून वाचला. "आई जेवली नसती, काका," तो म्हणाला. मुक्ताबाईंना शेवटी बाजारात भलत्याच बाईकडून कळलं. त्यानंतर त्यांनी एकही पत्र त्याच्याकडून वाचून घेतलं नाही. हे सांगून तो हसला, मीही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे कळायला मला चार वर्षं लागली.

त्याची बायको कौशल्या आधी बालवाडीत शिकवायची. पस्तिशीत तिच्या डोळ्यांचा त्रास सुरू झाला. डोळ्याचा पडदा मधोमध हळूहळू निकामी होत जातो, औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एखाद्याचं दहा वर्षं आहे तिथे थांबतं, एखाद्याचं दोन वर्षांत जातं. तिनं शाळा सोडली. पण रडत बसणारी बाई ती नव्हे. सकाळी आवरलं की लॅपटॉप उघडून एका वेबसाइटवरचं मराठी शब्दकोडं सोडवायची. तेच कोडं मीही सोडवायचो. दोन्ही दारं उघडी ठेवून आम्ही बसल्या जागेवरून एकमेकांना विचारायचो. "काका, आडवा चौदा सुटला का?" "सुटला, सांगणार नाही." असं आमचं चालायचं.

त्या कोड्याच्या चौकटींच्या कोपऱ्यात आकडे असतात, मुंगीएवढे. कौशल्यानं त्यावरच आपली परीक्षा ठरवून टाकली होती. "आकडे दिसतायत तोवर मी ठीक आहे," ती म्हणायची. "डॉक्टरकडे दर वर्षी जाऊन घाबरून यायचं कशाला? मला घरीच कळतंय." आणि एकदा, अगदी भाजी निवडता निवडता सांगावं तसं तिनं सांगितलं, "आकडे दिसेनासे झाले ना काका, की मी सगळी कामं सोडणार. उत्कर्षाला हॉस्टेलवरून बोलावून घेणार, समोर बसवणार आणि पोटभर बघून घेणार. एवढं ठरवलंय मी." उत्कर्षा ही त्यांची एकुलती एक लेक, कोल्हापूरला इंजिनिअरिंगला.

वेबसाइटवरची अक्षरं तिला बारीक पडत, म्हणून उत्तरेश्वरनं ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन बनवलं होतं. ते जोडलं की कुठलीही साइट तिच्या सोयीची व्हायची: काळी पाटी, पिवळी ठळक अक्षरं, जाहिराती गायब. त्यानं ते सगळ्यांसाठी फुकट ठेवलं होतं. शे-सव्वाशे लोक ते वापरायचे, त्यात सत्तरी गाठलेला मीही होतो. अशा एक्स्टेन्शनमध्ये बनवणाऱ्यानं बदल केला की तो सगळ्यांच्या मशीनवर आपोआप येतो. कुणाला काही दाबावं लागत नाही, कुणी काही विचारतही नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की कोड्यातले आकडे फुगतायत. बत्तीस वर्षं अक्षरांचे आकार मोजलेत मी, माझ्या डोळ्यात कोणी धूळ फेकू शकत नाही. महिन्या-दीड महिन्यानं आकडा जरासा मोठा व्हायचा. सहज बघणाऱ्याला कळू नये इतकाच. मी उत्तरेश्वरला पार्किंगमध्ये गाठलं आणि म्हणालो, "तुझे आकडे सुजलेत. डॉक्टरला दाखव."

तो हसला नाही. गाडीच्या सीटवर हात ठेवला. मग त्यानं सांगितलं. कौशल्या कोडं सोडवताना अडखळली, अकराचा एकोणीस वाचला, की तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आकडे थोडे मोठे करायचा आणि नवी आवृत्ती सोडायचा. संध्याकाळपर्यंत ती तिच्या लॅपटॉपवर पोचलेली असायची. घरातले बल्बही त्यानं असेच एकेक करून जास्त उजेडाचे लावले होते.

"म्हणजे तिचं वाढतंय," मी म्हणालो.

"वाढतंय."

"आणि तिला वाटतंय थांबलंय."

"तिला सांगू नका काका. उगं तिच्या जीवाला घोर. औषध तर न्हाईच. मग जितके दिवस बिनघोर जातील तितके जाऊ द्या की."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. इतकी वर्षं ज्याला त्याला तोंडावर बोलून मी कोणाचं भलं केलं होतं? इथे एक माणूस बायकोच्या डोळ्यांच्या मागून जग सरकवत होता, तिला ठेच लागू नये म्हणून. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि मी गप्प बसलो. कौशल्या दारातून "काका, आकडे अगदी स्वच्छ दिसतायत आज" म्हणाली की मी "छान" म्हणायचो. दीड वर्षात मी किती वेळा छान म्हणालो असेन, देव जाणे.

मागच्या दिवाळीला उत्कर्षा घरी आली ती नाकात चमकी घालून. घरात न विचारता टोचून घेतलं होतं, म्हणून पोरगी आल्या आल्या माझ्याकडे शिरली. "काका, आई ओरडेल ना? तुम्ही जरा सोबत चला." मी गेलो. कौशल्यानं तिला जवळ घेतलं, तोंडावरून हात न फिरवता नुसतं बघितलं आणि म्हणाली, "किती काळवंडलीस गं. हॉस्टेलचं जेवण हे असंच." चमकीबद्दल अवाक्षर नाही. पोरीला वाटलं, आईनं चालवून घेतलं. ती माझ्याकडे बघून हळूच हसली. मी उत्तरेश्वरकडे बघितलं. तो करंज्यांचा डबा उघडत होता, आणि तो डबा त्याला उघडता येत नव्हता. चार दिवस कौशल्या लेकीला तूप-भात खाऊ घालत राहिली आणि रंग कसा उतरलाय म्हणून हळहळत राहिली. पाचव्या दिवशी उत्कर्षा गेली.

त्यानंतर ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनं जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद करायचं ठरवलं. नव्या नियमांप्रमाणे लिहिलेलीच चालतील, बाकीची एक दिवस आपोआप बंद पडतील. उत्तरेश्वरला हे बरंच आधी ठाऊक होतं. ऑफिसचं काम सांभाळून त्यानं सगळं नव्यानं लिहून काढलं. फेब्रुवारीत ते तयार झालं. हे वेगळंच एक्स्टेन्शन होतं, आपोआप येणारं नव्हतं; रविवारी निवांत बसून कौशल्याच्या लॅपटॉपवर घालायचं, असं त्यानं मला सांगितलं होतं.

ब्राउझर शुक्रवारीच बदलला.

साडेनऊला कौशल्याची हाक आली. "काका, कोड्याची साइट बिघडलीय. आकडेच घातले नाहीत मेल्यांनी. नुसत्या रिकाम्या चौकटी."

मी गेलो. पडद्यावर पांढरं पान होतं, वर जाहिराती, मध्ये कोडं. वरच्या कडेला इंग्रजीत बारीक अक्षरांत सूचना होती, की हे एक्स्टेन्शन आता चालणार नाही. ती तिला वाचता येणं शक्य नव्हतं. साइट पाच वर्षांपूर्वी होती तशीच होती. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात आकडा होता, मुंगीएवढा.

मला सहज म्हणता आलं असतं की हो, बिघडलीय, उत्तरेश्वर आला की बघेल. तोंडात तेच वाक्य होतं. पण कौशल्या खुर्ची सरकवून माझ्यासाठी जागा करत होती आणि म्हणत होती, "तुम्हाला तरी दिसतायत का बघा, तुमची नजर चांगली आहे." बत्तीस वर्षं चुका काढणाऱ्या माणसाला ते वाक्य सहन झालं नाही. मी म्हणालो, "साइट बिघडलेली नाही, कौशल्या. आकडे आहेत."

ती हसली. मग हसू थांबलं. तिनं पडद्याला नाक लावलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"मग काल कसे दिसत होते?"

मी सांगितलं. जे माहीत होतं ते सगळं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "ते सगळं लिहून ठेवतात. कधी काय बदललं ते. कुठेतरी असेल. वाचून दाखवा."

होतं. एक्स्टेन्शनच्या पानावर खाली प्रत्येक आवृत्तीची नोंद होती, रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, म्हणून परक्या माणसानं कधी लक्ष दिलं नसावं. मी फोनवर उघडलं आणि वाचायला लागलो. २०२३, मार्च: आकडे थोडे मोठे, अकराचा एकोणीस वाचला. मे: रेघा जाड केल्या. ऑगस्ट: आकडे थोडे मोठे. डिसेंबर: आकडे थोडे मोठे, चहा कपाबाहेर ओतला. वाचताना दोनदा वाटलं, एखादी ओळ गाळावी. मुक्ताबाई आठवल्या आणि मी काही गाळलं नाही. शेवटची नोंद मागच्या दिवाळीनंतरची होती: आकडे आता चौकटीत मावत नाहीत, चौकटी मोठ्या केल्या.

तिनं त्याला फोन केला नाही. मला म्हणाली, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?" मी सांगितलं. "बरं," ती म्हणाली. त्या "बरं"नंतर मी अजून नीट झोपलेलो नाही. दिवसभर मी तिथेच बसून राहिलो, कारण उठून जायला तोंड नव्हतं.

उत्तरेश्वर सहाला आला. दारातूनच त्याला लॅपटॉपचा पांढरा पडदा दिसला. खांद्यावरची बॅग तशीच ठेवून तो उभा राहिला.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. तो काहीतरी बोलणार होता, पण कौशल्यानं आधी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"अहो, दिवाळीत उत्कर्षा खरंच काळवंडली होती का?"

"न्हाई."

"कशी होती?"

"चांगली होती. छान दिसत होती." तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक वाक्य न गाळता पुरं करायचं होतं, आणि ते त्याला किती जड गेलं ते मी बघितलं. "नाकात चमकी घालून आली होती."



"कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

"डाव्या."

मग ती रडली. उत्तरेश्वर तिच्याजवळ गेला नाही. आपल्याला आता तो हक्क नाही, असं त्याला वाटलं असावं. तो बॅग घेऊन तसाच उभा राहिला, आणि मी माझ्या घरी आलो.

उत्कर्षा रविवारी सकाळी आली. त्यांचं दार उघडं होतं, माझंही. कौशल्यानं तिला खिडकीशी उजेडात बसवलं आणि समोर बसली. मधलं काही दिसत नाही, कडेचं अजून थोडं दिसतं, म्हणून लेकीकडे बघायला तिला तोंड बाजूला वळवावं लागत होतं. तिची नजर माझ्या दारावर होती, आणि बघत ती लेकीला होती. असं ती तास-दोन तास बसली. मग तिनं बोटानं उत्कर्षाचं नाक चाचपलं, डाव्या बाजूची चमकी सापडली.

"टोचताना दुखलं का गं?"

आतल्या खोलीत उत्तरेश्वर नवं एक्स्टेन्शन लॅपटॉपवर चढवत होता.

"कौशल्या, आकडे पाचपट केलेत," तो तिथूनच मोठ्यानं म्हणाला.

"ऐकलं," ती म्हणाली, आणि बोट चमकीवरून उचललं नाही.