कोऱ्या टाचा

मोचीकाकांनी वहाण उलटी केली, मग दुसरी. तळ कोरा. टाचेला साधा चरा नाही, शिवणीत मातीचा कण नाही.

फिरस्ते बाबा कित्येक पिढ्यांपूर्वी मठाच्या या खोलीतून गेले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. पण ते चालतच आहेत, अशी सगळ्यांची श्रद्धा. कुणी सांगे, घोंगडीवर बसून त्यांनी समुद्र ओलांडला. कुणी सांगे, बर्फाच्या मुलखात विझलेली चूल त्यांनी फुंकरीनं पेटवली. वाळवंटात चुकलेल्याला बोट धरून विहिरीवर नेलं. पुरावा म्हणजे खोलीतल्या या वहाणा. वर्षभरात त्या आपोआप झिजत. मग काकांनी त्या उचलायच्या, तळ लोकांना दाखवायचे आणि नव्या ठेवायच्या. वडिलांकडून चालत आलेलं काम.

आज वहाणा दाखवायचा दिवस; बाहेर अंगण भरलं होतं. सगळ्यांत पुढे काकांची धाकटी बहीण. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला. वादळानंतर बोटीचा पत्ता नव्हता. "बाबा पोचले असतील तिकडं, दादा. वहाणा बघितल्या की जिवात जीव येईल," असं म्हणून ती सकाळपासून उपाशी बसली होती.

दारावर थाप पडली. "काका, आत डोळा लागला की काय?"

"आलो! म्हातारे हात आहेत, जरा दम धरा."

पिशवीत कानस होती. चार वेळा घासली की टाच उतरली असती. काकांनी कानस टेकवलीही. पण बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. वहाणा काखेत मारून ते मागच्या खोलीत शिरले. तिथं अंगण झाडणारी आजी खुब्याचं हाड मोडून वर्षभर खाटेवर पडून होती. वहाणांच्या खोलीची किल्ली तिच्याच उशाशी असे.

काकांच्या काखेकडे बघून ती म्हणाली, "कळलं वाटतं तुला."

"म्हणजे तू घालायचीस?"

"पहाटे, झाडायच्या आधी. ज्याचं कुणी लांब असेल त्याचं नाव घेत अंगणात फेऱ्या मारायची. सासूनं सांगितलेलं, जातात बाबाच, पण पाय इथल्या कुणीतरी द्यायचे. यंदा पायच मोडला बघ."

"आणि मी लोकांना सांगत आलो, डावी टाच जास्त झिजते, म्हणजे बाबा डाव्या पायानं फेंगडे चालतात!"

आजीला हसू फुटलं आणि त्यासरशी खुब्यात कळ आली. काकांनी विचारलं, "बोलली नाहीस कधी?"

"विचारलं कुणी? सगळे वहाणा बघायचे. माझ्या टाचा कोण बघतंय!"

तेवढ्यात बहीण दारात येऊन उभी राहिली. काकांनी कानस पिशवीत टाकली आणि वहाणा तिच्या हातात दिल्या. तिनं तळ पाहिले.

"बाबा गेलेच नाहीत?"

काकांनी सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही.

"म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंत?"

बाहेर गलका वाढला. वहाणा मांडीवर घेऊन बहीण खाली बसली. कोऱ्या तळावरून बोट फिरवत तिनं आजीच्या मोडक्या पायाकडे पाहिलं. मग हळूच एक पाय वहाणेत सरकवला.

"दादा, अंगठा सैल आहे."

काकांनी आरी काढून दोन टाके घातले. दार उघडलं. दोन्ही वहाणा घालून बहीण अंगणात उतरली. तिच्या पायांकडे बघून कुणीतरी ओरडलं, "अगं, बाबांच्या वहाणा त्या!"

"यंदा तळ कोरे आहेत," काका म्हणाले. "चालायला कुणी नव्हतं."

ती पोराचं नाव घेत चालू लागली. लोकांनी सरकून तिला वाट दिली. आतून आजी ओरडली, "कोपऱ्यावर जपून वळ गं, तिथली फरशी डुगडुगते!"