जवळ आलो की येणारा ताप

लग्न झालं आणि आठवड्याच्या आत मी तापानं पडलो. घरात अजून पाहुणे होते, मांडवाचे बांबू अंगणात तसेच उभे होते. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग, घसा सुजलेला, मांड्या-पोटऱ्या कोणी बदडून काढल्यासारख्या. माय म्हणाली, नजर लागली. डॉक्टर म्हणाले, टायफॉइड असेल. तपासणीत काहीच निघालं नाही, आणि चार-पाच दिवसांनी ताप आपोआप उतरला.

मी अकोल्याला एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत होतो. आमचं गाव पातूरकडं, तिथं थोरला भाऊ शेती करायचा. बायको अमरावतीची. तिचे वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते. आम्ही दोघं अकोल्यात दोन खोल्यांत संसार मांडला, आणि तो ताप पुन्हा आला. मग पुन्हा आला.

तापापेक्षा वाईट होतं ते डोकं बंद पडणं. एकदा दहावीच्या वर्गात मी फळ्यावर साधं वर्गसमीकरण मांडलं आणि पुढची पायरीच सुचेना. मी खडू हातात धरून उभा राहिलो. मुलं कुजबुजायला लागली. पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, अवयव पाडा ना." मला तिचे शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागेना. मुख्याध्यापकांना वाटलं मला खडूच्या धुळीची ॲलर्जी असावी. काही महिने मी ओल्या फडक्यानं फळा पुसत होतो.

खरं काय ते बायकोनं ओळखलं. एका रविवारी दुपारी ती अंबाडीची भाजी निवडत बसली होती, मी भिंतीला टेकून पडलो होतो. मान वर न करता ती म्हणाली, "रागावणार नाई तर एक बोलू का?"

"बोल ना."

"आपण जवळ येतो ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमी पडता. दरवेळी. मी ध्यान ठेवून हाय."

मी हसण्यावारी न्यायला गेलो आणि तिथंच थांबलो. कॉलेजात असताना स्वप्नात वीर्य गेलं की दुसरे दिवशी मी असाच आजारी पडायचो. ते पापाचं फळ आहे असं तेव्हा मी धरून चाललो होतो. म्हणजे तिचं बरोबर होतं. शरीराला ते सुख मिळालं, की तेच शरीर माझ्यावर उलटायचं.

त्यानंतर आम्ही बरंच केलं. अमरावतीला जाताना रुळांच्या कडेच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यातल्या एका दवाखान्यात मी तोंडाला रुमाल बांधून गेलो. तिथल्या वैद्यानं करड्या रंगाची पूड दिली. ती खाऊन फक्त पोट बिघडलं. मनाचे डॉक्टर झाले. ते म्हणाले, तुमच्या मनात स्त्रीची भीती दडलेली आहे. बायको शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "तापबी मनातूनच येते का डॉक्टर?" त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

त्या वर्षांत आमच्या भागात वारंवार बातम्या यायच्या. अमक्या गावात एकानं फवारणीचं औषध घेतलं, तमक्या गावात कोणी विहिरीत गेला. घराघरात लोक आपापल्या माणसांवर नजर ठेवून असायचे. कोणी दोन दिवस गप्प बसला की शेजारी विचारायला यायचे.

अशाच दिवसांत आम्ही दिवाळीला गावी गेलो, आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून पडलो. उठून गोठ्यात गेलो तेव्हा तिथला फवारणीच्या औषधाचा डबा दिसला नाही. दोरखंडही दिसले नाहीत. माय जेवायला वाढताना माझ्याकडं पाहत होती आणि पदरानं डोळे टिपत होती. मी परसाकडं निघालो तर भाऊ पाठोपाठ आला.

मी जीव देईन अशी त्यांना भीती होती, हे मला कळलं. भावाला घेऊन मी शेतात गेलो. कपाशीच्या धुऱ्यावर, बांधाच्या मातीवर, बसलो.

"दादा, डबा काहून लपवला?"

तो कितीतरी वेळ ढेकळं फोडत राहिला. "तू असा पडून रायतं. मायले झोप नाई. सांग ना बाप्पा, काय होऊन राहिलं तुले?"

मी सांगितलं. शब्द सापडत नव्हते, तरी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि एकदम हसायला लागला. पोट धरून हसला. मला कानाखाली बसल्यासारखं झालं. मग पाहिलं तर तो रडत होता.

"म्हणजे तू मरत नाईस," तो म्हणाला. नाक पुसून पुढं म्हणाला, "पण हे बाहेर बोलू नको. लोक तुले जगू देणार नाई."

घरी गेल्यावर त्यानं मायला एवढंच सांगितलं, की पित्ताचं दुखणं आहे. दोरखंड गोठ्यात परत आले. डबा मात्र आला नाही.

आम्हाला मूल हवं होतं. तिला फार हवं होतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ठरवलं, शाळा नाही, पडून राहिलं तरी चालेल, जे होईल ते होवो. अकोल्याचा तो उन्हाळा मी कूलरसमोरच्या खाटेवर काढला. एक ताप उतरायचा आणि दुसरा चढायचा. एका सकाळी ती वरणभाताचं ताट घेऊन आली. मला चमचा हवा होता आणि 'चमचा' हा शब्द काही केल्या आठवेना. मी हातानं खुणा करत राहिलो. मला रडू आलं. तिनं ताट खाली ठेवलं, माझं डोकं मांडीवर घेतलं.

"बस झालं," ती म्हणाली. "मले लेकरू पायजे, पण तुमाले असं करून नाई पायजे."

तिनं आपलं अंथरूण समोरच्या खोलीत घातलं. दिवसा आम्ही पूर्वीसारखेच हसायचो, भांडायचो, ती माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची. पण हात जरा रेंगाळला की चटका बसल्यासारखा काढून घ्यायची. तिनं एकदा आरशात पाहत विचारलं, "माझ्याच अंगात काही इख असन का हो?" मी नाही म्हणालो. माझ्याजवळ पुरावा नव्हता, आणि तिला ते ठाऊक होतं.

शेवटी तिचे वडील आले. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "माझी पोरगी काय जन्मभर दुखणंच काढन का?" एवढंच म्हणाले. मी त्यांना खरं सांगायला तोंड उघडलं, तशी ती मध्ये उभी राहिली. "बाबा, माझंच मन लागत नाई इथं," ती म्हणाली. स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, असं काहून बोलली. ती म्हणाली, "तुमी सांगान तर लोक तुमाले हासतीन. मले शिव्या देतीन, त्या म्या ऐकून घेईन."

शिव्या मिळाल्याच. माझ्या मायनंच सगळ्यांत जास्त दिल्या. वाईट दिवसांत नवऱ्याला टाकून गेली, असं ती गावभर बोलली.

अमरावतीच्या कोर्टात घटस्फोटाचा निकाल झाला. दोघांनी सह्या केल्या, बाहेर आलो. ऊन कडक होतं. समोर रसवंती होती, आम्ही सवयीनं तिकडं वळलो. रसवाल्यानं विचारलं, "वहिनी, बर्फ टाकू का?" ती म्हणाली, "माझ्यात टाका. यांच्यात नका, यांचा घसा धरते." बोलली आणि तिच्या ध्यानात आलं. ग्लास तसाच ठेवून ती ऑटोत बसली.

पुढं बऱ्याच वर्षांनी अकोल्यात एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये हसली नाही. म्हणाली, हा खरा आजार आहे. जगात फार थोड्या पुरुषांमध्ये सापडला आहे, का होतो ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही, खात्रीचं औषधही नाही. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. मी ते नाव घोकत घरी आलो आणि तोवर माझ्याकडं राहायला आलेल्या मायला शेजारी बसवून सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग म्या तिले तसं काहून बोलली?" त्या दिवशी ती जेवली नाही.

गेल्या हिवाळ्यात मायला घेऊन नागपूरला निघालो होतो. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर ती दिसली. केस पिकले होते, सोबत शाळेच्या वयाची मुलगी होती. मी मायला थांबवायच्या आत माय तिच्यापाशी पोचली आणि तिचे दोन्ही हात धरून उभी राहिली. ती वाकून मायच्या पाया पडली.

"ह्या कोण, आई?" मुलीनं विचारलं.

"आजी हाय. माझ्या ओळखीची." मग माझ्याकडं पाहून, "तब्येत?"

"हाय तशीच. पण दुखण्याचं नाव सापडलं."

तिनं मुलीला पाण्याची बाटली आणायला स्टॉलवर पाठवलं. मी थोडक्यात सांगितलं. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.

"म्हणजे माझ्यानं नव्हतं होत?"

"नाई. कोणीबी असती तरी झालंच असतं."

तिनं मान हलवली. मुलगी बाटली घेऊन परत येताना दिसली, तशी तिनं घाईघाईनं चेहरा पुसला. त्यांची गाडी आधी लागली. मायला मी बाकावर बसवलं आणि त्या दोघी डब्यात चढेपर्यंत तिथंच उभा राहिलो.